बेरीज बदलली, हे कुणाकुणाला सांगायचं?

मी परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीत बसून पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी जावा कोड लिहितो. पोखर्णी म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाला आधी नृसिंह आठवतो. कितीतरी घरांचं ते कुलदैवत, आणि परभणी-परळी मार्गावरच्या आमच्या रेल्वे स्टेशनच्या नावातही तो आहेच. लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन गावी आलेली जी पोरं परत गेली नाहीत, त्यांतला मी एक. नशिबाने माझ्या कामाचा विषय गावाला परका नाही. मी पावसाच्या आकड्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो.

आमची कंपनी शेतकरी कंपन्यांना आणि एक-दोन कारखान्यांना स्वयंचलित हवामान केंद्रं बसवून देते. त्यातलं एक आमच्या चुलत्यांच्या शेतात, धुऱ्यावर उभं आहे. त्याचा पर्जन्यमापक उघडून पाहिला तर आत फार काही नसतं. वर नरसाळं, खाली आसावर तोललेली दोन खणांची इवलीशी पन्हळ. एका खणात ठरावीक पाणी साचलं की पन्हळ त्या बाजूला कलते, पाणी सांडतं आणि दुसरा खण नरसाळ्याखाली येतो. कलताना तिच्यावरचं चुंबक एका स्विचसमोरून जातं आणि एक ठोका नोंदला जातो. आमच्या यंत्रात एक ठोका म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. काळ्या मातीची धूळ, कोळ्याची जाळी, पाखरांची घाण हे सगळं नरसाळ्यात जाऊन बसतं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ते धुवावं लागतं. तेही काम माझ्याकडेच आहे.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. आम्हीही तोच दिवस धरतो. साडेआठनंतर केंद्रागणिक ठोक्यांची बेरीज होते आणि ती ज्यांना हवी त्यांना कळवली जाते. या कळवण्याच्या रचनेला, आणि तीत ऐकणाऱ्या कोडलाही, आमच्या धंद्यात ऑब्झर्व्हर म्हणतात. बेरीज करणाऱ्याला पुढे तिचं काय होतं याच्याशी देणंघेणं नाही. ज्याला ऐकायचंय त्याने आधी नाव नोंदवायचं आणि एक ठरलेली मेथड लिहून ठेवायची. बातमी आली की नोंदवलेल्या प्रत्येकाची ती मेथड हाकारली जाते. ‘कुठली मेथड, तिला काय काय मिळणार’ हे ठरवून देणारा कागद म्हणजे इंटरफेस.

ही रचना गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांच्या १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाने जगभर रूढ केली. मी ती कॉलेजात शिकलो ते ‘हेड फर्स्ट डिझाइन पॅटर्न्स’ या २००४ च्या पुस्तकातून. गंमत म्हणजे त्यातही ऑब्झर्व्हरचं उदाहरण हवामान केंद्राचंच आहे. तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब असे तीन आकडे येतात, तीन पडदे ते दाखवतात, आणि धडा संपतो. एकदा सांगितलेला आकडा नंतर बदलला तर काय, हा प्रश्न मला त्या धड्यात कधी पडला नाही. तो पडायला शेतातलं खरं केंद्र लागलं.

आमच्या इंटरफेसमध्ये एकच मेथड होती: अमुक केंद्र, अमुक तारीख, इतके मिलिमीटर. ती ऐकणारे बरेच होते. एक जण आकडा डेटाबेसमध्ये ठेवायचा. एक शेतकऱ्यांना एसएमएस धाडायचा. एक महिन्याची बेरीज चालवायचा. एक शेतकरी कंपनीच्या केंद्रावर सकाळी फळ्याला लावायचं पत्रक तयार करायचा. यातले काही आमच्या माणसांनी लिहिलेले, काही सोडून गेलेल्यांनी. आणि एका कारखान्याच्या संगणक विभागाने तर आपला ऑब्झर्व्हर स्वतःच लिहिला होता. त्याचा सोर्स कोड आम्ही कधी पाहिलाही नाही, फक्त कंपाईल केलेली जार फाइल आमच्याकडे होती.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, पाठोपाठ मोबाइलचा टॉवर गेला, आणि पाऊस धो धो चालूच राहिला. केंद्रावर बॅटरी असते आणि नोंदी साठवायची सोयही असते. रेंज येईपर्यंत ठोके आतच साठत राहिले. सकाळी आमच्या सर्व्हरने हाताशी होतं त्यावर बेरीज करून सांगितलं, ६३.४ मिलिमीटर. दुपारी टॉवर सुरू झाला, साठलेले ठोके आले आणि खरी बेरीज ६८.२ झाली.

हा फरक कुणाला किरकोळ वाटेल, पण मराठवाड्यात नाही. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा निकष इथे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. आमच्या खासगी केंद्राचा आकडा सरकार दरबारी चालत नाही, तरी लोक तो सरकारी आकड्याशी ताडून पाहतातच. संध्याकाळी चुलते ओट्यावर येऊन म्हणाले, “सकाळी मेसेज त्रेसष्टचा, आता मोबाइलवर नकाशा अडुसष्ट दाखवायलाय. तुमचं यंत्र नेमकं काय म्हणायलंय?”

मोबाइलवरचा आमचा पावसाचा नकाशा खरं दाखवत होता कारण तो दर तासाला थेट मूळ ठोके वाचायचा, आमच्या निरोपाची वाट पाहत नव्हता. बाकी सगळे सकाळी ऐकलेल्यावरच होते. उशिरा आलेल्या ठोक्यांची बेरीज सर्व्हरला माहीत होती, पण ‘बेरीज बदलली’ असं कुणाला सांगायची सोयच इंटरफेसमध्ये नव्हती. लग्नपत्रिका वाटून झाल्यावर मुहूर्त बदलावा आणि घरच्यांनाच तेवढं ठाऊक असावं, तशी गत.

म्हणजे इंटरफेस वाढवायचा होता. काम माझ्याकडे आलं.

पहिला विचार कुणाच्याही मनात येतो तो साधा: इंटरफेसमध्ये दुसरी मेथड टाकायची, ‘बेरीज सुधारली’ म्हणून. पण जावात इंटरफेसला नवी मेथड जोडली की तो पाळणारा प्रत्येक क्लास अपुरा ठरतो. पुन्हा कंपाईल करायला घेतलं की कंपायलर तिथेच अडवतो. हे अडवणं एका परीने उपकारच, कारण बिघाड टेबलावरच दिसतो. खरी भीती कारखान्याच्या त्या जार फाइलची. ती पुन्हा कंपाईल होणारच नव्हती. नव्या इंटरफेससोबत ती बिनतक्रार लोड झाली असती, रोजची बेरीज ऐकत राहिली असती आणि पहिली सुधारणा आली त्या क्षणी ‘ॲब्स्ट्रॅक्टमेथडएरर’ देऊन कोसळली असती. म्हणजे आठवडे सुरळीत जाणार आणि वादळी रात्रीच्या दुसऱ्या दिवशी, नेमकी गरज असताना, घात होणार.

दुसरा मार्ग एका सहकाऱ्याने सुचवला. इंटरफेसला हातच लावू नका. त्याच तारखेसाठी जुनीच मेथड नव्या आकड्यासह पुन्हा हाकारा. एकही ओळ मोडणार नाही.

ओळ खरंच मोडली नसती. मी हाताशी असलेल्या प्रत्येक ऑब्झर्व्हरचा कोड उघडून दुसऱ्या हाकेला तो काय करील ते वहीत लिहीत गेलो. डेटाबेसवाला त्याच तारखेची दुसरी ओळ घालणार. एसएमएसवाला शेतकऱ्यांना दुसरा मेसेज धाडणार, तोही ‘सुधारित’ हा शब्द नसलेला. महिन्याची बेरीज करणारा ६३.४ मध्ये ६८.२ मिळवून मोकळा होणार. म्हणजे एकाच दिवसात १३१.६ मिलिमीटर, जो पाऊस कुणी पाहिलाच नाही. कंपायलर खूश, टेस्ट हिरव्या, आणि आकडे खोटे. ‘एका तारखेला ही मेथड एकदाच हाकारली जाते’ हे वाक्य इंटरफेसमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. तरी ऐकणाऱ्यांनी ते गृहीत धरलं होतं, आणि त्यांचं चुकलं होतं असंही म्हणता येत नव्हतं. इतकी वर्षं तसंच तर घडत आलं होतं. मेथडचं नाव आणि तिला मिळणारी मूल्यं हा कराराचा लेखी भाग. ती कधी, किती वेळा, कुठल्या क्रमाने येते हा तोंडी भाग. कंपायलर फक्त लेखी भाग वाचतो.

तिसरा मार्ग जावा आठ या २०१४ च्या आवृत्तीपासून मिळालेला: डिफॉल्ट मेथड. इंटरफेसमध्येच नव्या मेथडचा एक तयार देह देऊन ठेवायचा. ज्याने ती लिहिली नाही त्याच्या वतीने तो चालतो. ही सोय आलीच मुळी याच अडचणीपोटी. जावाच्या कलेक्शन इंटरफेसना स्ट्रीमसारख्या नव्या गोष्टी जोडायच्या होत्या आणि ते इंटरफेस पाळणारा जगभरचा कोड मोडायचा नव्हता.

आमच्या बहुतेकांचा कल इकडेच होता. प्रश्न एवढाच होता की त्या तयार देहात लिहायचं काय? रिकामा ठेवला तर एसएमएसवाला गप्प राहणार आणि शेतकरी ६३ वरच राहणार. ‘जुनी मेथड पुन्हा हाकार’ असं लिहिलं तर महिन्याची बेरीज फुगणार. फळ्याच्या पत्रकाला गप्प राहणंच योग्य, डेटाबेसला गप्प राहणं घातक. सगळ्यांना लागू पडेल असा एकही देह सापडेना. सापडणारही नव्हता, कारण सुधारलेल्या आकड्याचं काय करायचं हे ऐकणाऱ्याच्या कामावर अवलंबून आहे, आणि इंटरफेसला ते काम माहीत नसतं. ते माहीत नसावं म्हणून तर ही सगळी रचना.

हा धोका जावाच्या घरातही दिसून गेला आहे. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यावर एक स्वतंत्र कलमच लिहिलं आहे. कलेक्शनला ‘रिमूव्हइफ’ ही डिफॉल्ट मेथड मिळाली, पण ॲपाची कॉमन्समधल्या सिंक्रोनाइझ्ड कलेक्शनचं सगळं सत्त्व प्रत्येक कामाआधी कुलूप लावण्यात आहे. आयत्या मिळालेल्या देहाला त्या कुलपाचा पत्ताच नव्हता. कोड मोडला नाही, पण त्याने दिलेला शब्द मोडला.

अँड्रॉइडवर याचीच उलटी बाजू पाहायला मिळाली. फोनची जागा कळवणाऱ्या ‘लोकेशनलिसनर’ या इंटरफेसमधल्या काही मेथड्सना अँड्रॉइड ११ च्या सुमारास डिफॉल्ट देह मिळाले. नव्या एसडीकेवर काम करणाऱ्याला त्या लिहायची सक्ती राहिली नाही, म्हणून त्याने त्या गाळल्या. पण डिफॉल्ट देह राहतो तो फोनमधल्या सिस्टिममध्ये. आदल्या आवृत्तीच्या फोनमध्ये तो नाहीच. तिथे ती मेथड हाकारली गेली की ॲप बंद. गावात बसून हे फार नीट कळतं. पुण्यातल्या टीमच्या हातात नवे फोन असतात. आमच्या इथे थोरल्याचा फोन धाकट्याकडे आणि मग शेतातल्या गड्याकडे जातो. ज्याच्याकडे सगळ्यात जुनं यंत्र, त्यालाच आधी ठेच लागते, आणि तक्रार करायची कुठे हे त्यालाच सगळ्यात कमी ठाऊक असतं.

मग मी जावाचा सगळ्यात जुना खिडक्यांचा कोड वाचायला बसलो. तिथल्या ‘विंडोलिसनर’मध्ये सात मेथड्स आहेत: खिडकी उघडली, बंद होतेय, लहान केली वगैरे. तो जावा १.१ पासून, म्हणजे १९९७ पासून आहे. पुढे २००२ मध्ये, १.४ आवृत्तीत, खिडकीचा फोकस आणि तिची अवस्था यांच्याही बातम्या द्यायच्या ठरल्या. तेव्हा डिफॉल्ट मेथड ही सोय नव्हती. त्या लोकांनी जुन्या सातांना आठवी जोडली नाही. ‘विंडोफोकसलिसनर’ आणि ‘विंडोस्टेटलिसनर’ असे दोन नवे इंटरफेस काढले आणि त्यांची नावनोंदणीही वेगळी ठेवली. माउसच्या चाकासाठीही त्याच आवृत्तीत वेगळा ‘माउसव्हीललिसनर’ आला. जुन्या सात मेथड्स आजही सातच आहेत.

आम्ही तोच रस्ता धरला. सुधारणा ऐकणाऱ्यांसाठी वेगळा इंटरफेस. त्यातली मेथड सुटे आकडे घेत नाही, एकच ‘सुधारणा’ नावाचा ऑब्जेक्ट घेते. त्यात केंद्र, तारीख, आधीचा आकडा, नवा आकडा, कारण आणि कळल्याची वेळ. उद्या त्यात आणखी काही घालायचं झालं तर ऑब्जेक्टला एक खण वाढेल, मेथडची ओळख तीच राहील. आधीचा आकडा मुद्दाम दिला, कारण महिन्याच्या बेरजेला नव्यापेक्षा दोहोंतला फरकच हवा असतो.

एक गाठ उरली होती, ती पुण्यातल्या टेस्टिंगवाल्या मॅडमनी सोडवली. माझा पहिला आराखडा असा होता की नोंदणी एकच राहील आणि निरोप देताना कोड प्रत्येकाला विचारील, “तू सुधारणाही ऐकतोस का?” ऐकत असेल तर सांगायचं, नाहीतर पुढे. ऑब्झर्व्हर लिहिणाऱ्याला नोंदणीच्या कोडला हात लावावा लागणार नाही, असा माझा हिशेब. मॅडमचा फोन आला.

“सर, तुम्ही एसएमएसवाला थेट नोंदवलेला पाहिलात का?”

“हो, सुरुवातीलाच आहे.”

“थेट नाहीये. त्याच्याभोवती लॉगिंगचं वेष्टन आहे. नोंदणी वेष्टनाची झालीय. तुमचा कोड विचारणार वेष्टनाला, आणि वेष्टन म्हणणार, मी फक्त जुनंच ऐकतो.”

बरोबर होतं. प्रत्येक निरोपाची वेळ लिहून ठेवणारं एक वेष्टन कधीकाळी कुणीतरी एसएमएसवाल्याभोवती घातलं होतं. आतला ऑब्झर्व्हर सुधारणा ऐकायला तयार झाला असता, तरी बाहेरच्या आवरणाला ते ठाऊक नव्हतं. चूक कुठेच दिसली नसती. निरोप नुसता दारात अडला असता. गो भाषेत वेब सर्व्हर लिहिणाऱ्यांनाही हा त्रास परिचयाचा आहे. ‘रिस्पॉन्सरायटर’भोवती वेष्टन घातलं की आतल्या ‘फ्लशर’सारख्या जादा क्षमता झाकल्या जातात.

म्हणून विचारणा काढून टाकली आणि नोंदणी वेगळी केली. ज्याला सुधारणा ऐकायची त्याने तसं स्वतः सांगायचं. खिडक्यांच्या कोडमध्ये वेगळी नोंदणी का होती, याचं निदान एक कारण मला तेव्हा हाताला लागलं. यात लिहिणाऱ्याला एक ओळ जास्त लिहावी लागते, पण त्या ओळीमुळे एक यादी तयार होते. सुधारणा कोण ऐकतं आणि कोण नाही, हे अंदाजाने सांगायची गरज उरत नाही.

दोन याद्या झाल्या की क्रमाचा प्रश्न येतो. जावाचा स्वतःचा ‘ऑब्झर्व्हर’ इंटरफेस पहिल्या आवृत्तीपासूनचा. जावा नऊमध्ये, २०१७ साली, त्याच्यावर ‘वापरू नका’ असा शेरा पडला. दिलेल्या कारणांत निरोपांचा क्रम ठरलेला नसणं हे एक, आणि बदल व निरोप यांचा एकास एक मेळ नसणं हे दुसरं. आमच्या एसएमएसवाल्याची भिस्त आपल्या आधी डेटाबेसमध्ये आकडा पोचलेला असतो यावरच होती, कारण मेसेजमधली हंगामाची बेरीज तो तिथून वाचायचा. जुन्या यादीत डेटाबेस आधी नोंदवला जायचा, म्हणून इतकी वर्षं निभावलं. नव्या इंटरफेसच्या टिपणात आम्ही क्रम, किती वेळा आणि कुठल्या थ्रेडवर, हे तीनही शब्दांत लिहिलं. एकाने चूक फेकली तरी पुढच्यांना निरोप जाईल, हेही लिहिलं. तोंडी करार जमेल तितका लेखी केला.

मग ज्यांना गरज होती ते ऑब्झर्व्हर एकेक करून नव्या यादीत आणले. आधी डेटाबेस, मग महिन्याची बेरीज, मग एसएमएस. एसएमएसच्या नव्या मजकुरात सुरुवातीलाच ‘सुधारित नोंद’ असतं, आधीचा आकडाही असतो. कारखान्याला आम्ही पत्राने कळवलं: तुमची फाइल आहे तशी चालेल, सुधारणा हव्या असतील तर हा इंटरफेस. त्यांनी त्यांच्या सोयीने, गाळप हंगामाची धावपळ सरल्यावर, तो लिहिला. मधल्या काळात त्यांचं काहीही अडलं नाही, आणि आमच्या रिलीजलाही त्यांच्यासाठी थांबावं लागलं नाही. जुना कोड न मोडण्याचा खरा लाभ मला इथे दिसला. प्रत्येकाला आपापल्या वेळेला बदलण्याची मुभा मिळते.

नवीन पोरं टीममध्ये येतात तेव्हा विचारतात की डिफॉल्ट मेथड असताना वेगळ्या इंटरफेसचा खटाटोप कशाला. मी त्यांना एकच कसोटी देतो. ज्याने नवी मेथड लिहिलेली नाही, त्याच्या वतीने तुम्ही जे कराल ते प्रत्येकासाठी बरोबर आहे का? ‘केंद्राची बॅटरी उतरली’ अशी बातमी असती तर रिकामी डिफॉल्ट मेथड पुरली असती. ज्याला ती ऐकायची नाही त्याचं त्यावाचून काही बिघडत नाही. पण जी बातमी आधी सांगितलेलं खोटं ठरवते, तिथे गप्प बसणं हाही एक निर्णय असतो, आणि तो दुसऱ्याच्या नावावर परस्पर घ्यायचा नसतो.

फळ्याचं पत्रक तयार करणारा ऑब्झर्व्हर मात्र अजून जुन्याच यादीत आहे. एका रिव्ह्यूमध्ये त्याच्यावर ‘राहून गेलंय’ असा शेरा आला, तेव्हा मी तो खोडला. ते पत्रक सकाळी नऊला लागतं आणि लोक ते वाचून कामाला जातात. त्यावर ‘सकाळी साडेआठपर्यंत मिळालेल्या नोंदींनुसार’ असं छापलेलं असतं, आणि दुपारी ठोके आले तरी ते वाक्य खरंच राहतं. त्याला नव्या यादीची गरज नाही. कोडमध्ये त्याच्या वर तशी टीप लिहून ठेवली आहे, म्हणजे माझ्यानंतर येणारा कुणी त्याला सुधारायला जाणार नाही.